लॉईडचा चौथा घाव

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या डोक्यावरच्या टाक्यांचे वण आजही हाताला लागतात.

हे घडलं इंडियानात, तळ्याकाठच्या मैदानावर. जुलैतला रविवार. टळटळीत दुपार. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची सहल होती.

माझा नवरा लॉईड गाडीवेडा. बायकोचा वाढदिवस विसरेल, गाडीचा नाही. आमची निळी गाडी अठ्ठावन्न सालची. तिचे दरवाजे गंजून गेले होते. अगदी तसलीच एक मोडकी गाडी त्याला कुणाच्या तरी शेतावरच्या कोठारात सापडली. तिथली बाई म्हणाली, फुकट न्या, पण परत आणू नका.

लॉईडने तिचे चारही दरवाजे काढून आमच्या गाडीला बसवले. उरलेला सांगाडा सहलीला आणला... फोडायला.

ही आमची रीतच. जेवणं झाली की भंगार गाडीवर हातोडा चालवायचा. प्रत्येकाला तीन घाव, मग हातोडा पुढच्याला.

क्लबचा अध्यक्ष मर्ल म्हणजे महाचावट. म्हणाला, "लॉईड, घरात तुझं काही चालत नाही. इथे तरी हात साफ करून घे."

सगळे हसले. मीही हसले.

ऊन सोसेना म्हणून मी आमच्या गाडीत जाऊन बसले. समोरच्या काचेतून मैदानापलीकडचा लॉईड दिसत होता. त्याने हातोडा उचलला.

धाड...

आणि माझ्या डोक्यावरचं छत आत आलं.

फांदी पडली वाटलं. पण वर झाडच नव्हतं.

दुसरा घाव त्याने सांगाड्याच्या बाजूवर घातला. इकडे माझ्या शेजारचा दरवाजा आत चेपला आणि बरगडीत बसला. श्वासच अडकला माझा.

तिसरा थेट टाळूवर. डोळ्यांत रक्त उतरलं.

मी दरवाजा ढकलला. हलेना. पलीकडचा ढकलला. तोही हलेना. बेंबीच्या देठापासून ओरडले, "लॉईड, थांब!"

मर्लची बायको ओपल शेजारीच खुर्ची टाकून मक्याचं कणीस खात होती. हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. तिने मानसुद्धा वर केली नाही.

तीन झाले होते. आता तो हातोडा देईल... देवा, आता तरी देईल.

मर्लने हात पुढे केलाही. लॉईडने त्याला ढकलून पाडलं.

चौथा.

मग मोजायचं भान राहिलं नाही. छत खाली येत गेलं. मी सीटपुढच्या खबदाडीत अंग चोरून पडले. घाव बसला की मी ओरडायचे... आणि मी ओरडले की पुढचा घाव आणखी जोरात यायचा.

ते लक्षात आलं, आणि मी तोंडात मूठ कोंबली.

घाव थांबले.

मला पहारीने दरवाजा उचकटून काढलं. आमच्या गाडीचा पार चुराडा झाला होता. तिला कुणी बोटही लावलं नव्हतं, हे ओपल शपथेवर सांगते. आणि लॉईडने घाम गाळून फोडलेल्या त्या सांगाड्यावर... एक पोचा नव्हता.

दवाखान्यात लॉईड उशाशी बसून होता. रडून रडून डोळे सुजलेले. मला चमच्याने सूप भरवत होता. मी विचारलं, तीन झाल्यावर थांबला का नाहीस?

"आतून एक बाई ओरडत होती," तो म्हणाला. "ती गप्प बसावी म्हणून मारत होतो."

"कोण बाई?"

त्याने चमचा वाटीत ठेवला.

"तुझाच आवाज होता, व्हर्लीन. पहिल्याच हाकेला ओळखला मी."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. लॉईड रोज सकाळी मला कॉफी आणून देतो. चांगला माणूस आहे हो.

पण त्याच्यासमोर मी अजून आवाज चढवत नाही.