पहिलीच्या वर्गातला आवाज

"आई, स्नेहलशी त्या भाषेत बोलू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? तुझं ऐकून तीही तसंच बोलते, शाळेत हसतात तिला!"

महेशचे शब्द ऐकून गोजराबाईंचा घास ताटातच राहिला. पेठकडचा डोंगर सोडून मुलाच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून त्या आपल्या बोलीत फक्त नातीशीच बोलत... त्या दिवसापासून तेही थांबलं. लेकाला खाली बघावं लागू नये, एवढ्याच वेड्या मायेने त्या माउलीने मौन धरलं!

सून साधनाला ते मौन सहन होईना. ती शिकवत असलेल्या पहिलीच्या वर्गातली मुलंही अशीच गप्प असत. मजुरीसाठी डोंगर उतरून आलेल्या घरांतली ती लेकरं, पुस्तकातली मराठी त्यांना परकीच! शाळेला नुकताच संगणक मिळाला होता. एका रविवारी तिने सासूबाईंसमोर मायक्रोफोन ठेवला.

"आत्याबाई, तुमच्या बोलीत गोष्टी सांगा. त्याच मी पुस्तकातल्या भाषेत सांगेन. मुलं दोन्ही ऐकतील, मग बोलतील."

"ह्या डब्याशी काय बोलू गं? ना त्याला तोंड, ना कान!"

"समोर लहान मूल बसलंय असं समजा."

गोजराबाईंनी डोळे मिटले... आणि गोष्टी वाहू लागल्या.

पावसाळा सरताना अर्धांगवायूने त्यांची वाचा नेली. महेश उशाशी बसून विनवी, "आई, एक शब्द तरी बोल गं..." त्या नुसत्या बघत. हृदयात केवढं साठलं होतं!

वर्गात रोज त्या गोष्टी ऐकणारी मुलं 'गोष्टीवाल्या आजी'ला भेटायचं म्हणून हटून बसली, तेव्हा महेशनेच आईला उचलून वर्गात आणलं. साधनाने बटण दाबलं.

"मह्या, जेवलास का रं?" स्पीकरमधून गोजराबाईंचा आवाज आला.

"जेवलो, आये!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

महेश थिजला. "साधना... हे माझं नाव..."

"प्रत्येक गोष्ट अशीच सुरू होते. डोळे मिटले की त्यांना समोर तुम्हीच दिसायचात, अहो. रेकॉर्डिंगमधून मला ते कापवलं नाही."

"बाई, हे काका बोललेच नाय!" पुढच्या बाकावरची चिमुरडी भागी तक्रारीने म्हणाली. "बोला ना काका, नायतर आजी गोष्ट सांगत नाय!"

साधनाने पुन्हा बटण दाबलं. "मह्या, जेवलास का रं?"

या वेळी वर्ग गप्प राहिला. सगळे डोळे महेशकडे लागले. तो आईच्या पायाशी कोसळला आणि कित्येक वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या बोलीत हुंदक्यांतून म्हणाला, "जेवलो गं, आये... तू जेवलीस का?"

गोजराबाईंचे ओठ थरथरले. डोळे भरून वाहिले. शब्द मात्र फुटला नाही...

स्पीकरमधला त्यांचा आवाज, जणू उत्तर मिळाल्यासारखा, गोष्ट पुढे सांगू लागला.