तिसऱ्या रविवारची हरकत

फुकट डोळे तपासून आपल्याला काय मिळणार, याचा हिशेब चष्मेवाल्यानं घरून निघतानाच केला होता. चर्चच्या अनाथाश्रमात चाळीस मुलं. म्हणजे चाळीस तपासण्या आणि फार तर सहा-सात चष्मे, तेही पदरमोड करून. बदल्यात फादर रविवारी प्रवचनाआधी दोन शब्द चांगले बोलणार, आणि ते ऐकून पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या त्याच्या दुकानात येणार. सौदा वाईट नव्हता. त्यात शिवणकाम करणारी मुलगी मात्र कुठेच धरलेली नव्हती.

ती पोरांची रांग सांभाळत होती. एका हातानं कुणाची कॉलर सरळ कर, दुसऱ्यानं कुणाचं नाक पूस... ती याच आश्रमात वाढलेली. आता बाजारात एका टेलरकडे मशीन चालवायची आणि दर शनिवारी इथे येऊन चाळीस जणांची तुटलेली बटणं लावायची. सुईत दोरा ओवताना तिनं सुई पार नाकाजवळ नेली, तेव्हा चष्मेवाल्याचं लक्ष गेलं. सुईकडेच गेलं, असं तो पुढे शपथेवर सांगायचा.

मुलं संपल्यावर त्यानं तिलाही तपासायला उभं केलं. तिनं सगळा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून टाकला. शेवटची ओळ तर त्याच्याकडे बघत.

"छान," तो म्हणाला. "आता तक्त्याकडे बघून वाचा."

"बघूनच वाचलं की —"

"तुम्ही त्या छोटीची नाडी बांधत होतात ना, तेव्हाच मी तक्ता उलटा करून ठेवलाय. तुमच्यासमोर कोरा पुठ्ठा आहे."

चाळीस वेळा ऐकून तिला तो तक्ता पाठ झाला होता. ती लाजली, मग हसली... आणि चष्मेवाल्याचा घरून आणलेला हिशेब तिथेच कोलमडला.

एका चष्म्यासाठी त्यानं तिला दुकानात तीनदा बोलावलं. एकदा नंबर काढायला, एकदा फ्रेम निवडायला, आणि तिसऱ्यांदा... ते त्यालाही धड सांगता येईना. सगळ्याच गिऱ्हाइकांना इतके हेलपाटे घालायला लावता का, असं तिनं विचारलं.

"बाकीच्यांची नाकं सरळ असतात."

"आणि माझं?"

"बघतोय अजून..."

चष्मा चढवून ती दाराशी गेली. रस्त्यापलीकडच्या झाडाचं पान न् पान तिला सुटं दिसलं. अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे लाल झालेले कानही दिसले.

वर्षभरानं त्यानं लग्नाचं विचारलं. तू मला आवडतोस, हे तिनं सरळ सांगितलं. आणि लग्न नको, हेही. लग्न ठरलं की फादर सलग तीन रविवार दोघांची नावं, आईवडिलांच्या नावांसकट, सगळ्यांसमोर वाचणार. कुणाची हरकत असली तर त्यानं उभं राहून सांगायची. हरकतीची भीती तिला नव्हती. आश्रमाच्या पायरीवर सापडलेल्या मुलीच्या नावापुढे 'आईवडील अज्ञात' हे तीनदा ऐकायची होती.

तेव्हा चष्मेवाला मावशीकडे गेला. मावशी म्हणजे तीस वर्षं आश्रम चालवणारी बाई. अंगाई, ताप, पाढे, प्रार्थना, सगळं तिनंच केलेलं. पण कुणी आई म्हणालं की ती थांबवायची. आईची जागा आईसाठी ठेवा, ती कधी आलीच तर भरलेली दिसू नये. माय मरो, मावशी जगो, असं म्हणतात ना? मग मावशीच बरी.

त्यानं मुलीचा हात मागितला, तो तिनं डोळे पुसत दिला. आईच्या जागी तुमचं नाव वाचू द्या, असं म्हटल्यावर मात्र मान हलवली. एकीला दिलं तर उरलेल्या चाळिसांनी काय बघत बसायचं? फादरनीही समजावलं, की प्रभूनं क्रुसावरूनसुद्धा आपली आई मित्राच्या हवाली केली होती. मावशी म्हणाली, त्याला एकच आई सांभाळायची होती, फादर. मला चाळीस तोंडं आहेत.

चष्मेवाला हात हलवत परत आला. त्याचा पडलेला चेहरा बघून शिवणवालीच म्हणाली, "वाचू देत. तीनच रविवार आहेत ना... तू शेजारी बस."

पहिल्या रविवारी तिनं खाली मान घालून ऐकलं. दुसऱ्या रविवारी मान वर होती, पण त्याचा हात तिनं दुखेपर्यंत दाबून धरला.

तिसऱ्या रविवारी फादर 'अज्ञात'पर्यंत आले, तेव्हा मावशीला बिलगून बसलेल्या सहा वर्षांच्या पोरीनं हळूच विचारलं, "माझंपण असंच वाचणार?"

फादरनी कुणाची हरकत आहे का, असं रिवाजाप्रमाणे विचारलं आणि रिवाजाप्रमाणेच पान उलटायला घेतलं.

"आहे," मावशी उभी राहत म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"लग्नाला नाही. तुम्ही वाचलंत त्याला. हिची आई अज्ञात नाही, ती ही इथे उभी आहे." तिनं बाकाचा आधार घेतला. "आणि या चाळीस जणांचंही आत्ताच लिहून घ्या. दर लग्नाला उठायचं म्हणजे माझे गुडघे ऐकायचे नाहीत."

शिवणवाली बाकांमधून वाट काढत गेली आणि तिच्या गळ्यात पडली. तिनं एकच शब्द उच्चारला, आणि या वेळी तिला कुणी थांबवलं नाही.

तर कुणाला काय मिळालं? चष्मेवाल्याला बायको, सासू, आणि एका फटक्यात चाळीस मेहुणे-मेहुण्या. फादरना वहीत खाडाखोड करायचं पुण्य. मुलांना हाक मारायला एक शब्द. तो त्यांनी त्याच दुपारी, जेवणाच्या टेबलावर, मीठ मागण्यापासून भांडण सोडवण्यापर्यंत चाळीस तोंडांनी वापरून घेतला. ती प्रत्येकाला ओ देत राहिली. भुर्दंड काय तो तिला एकटीला पडला: संध्याकाळपर्यंत आवाज पार बसला, तो बुधवारपर्यंत आला नाही. हातानं खुणा करकरून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं कारण सांगत होती.