चार बोल्टचा हब

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची. ऐकीव नाही. यातला एक आवाज मी माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलाय, म्हणून सांगायला बसले. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

लोक म्हणतात, असले प्रकार रात्री होतात. हा भर दुपारी सुरू झाला. मंगळवारी, दोन वाजता. बाहेर लख्ख ऊन होतं.

मावशीच्या यजमानांना, म्हणजे काकांना, जाऊन पाच महिने झाले होते. कारखान्यात लेथवर टर्नर होते ते. उभ्या उभ्या मशीनवरच कोसळले, घरी आले ते चौघांच्या खांद्यावरून. मूलबाळ नव्हतं. मागे उरली मावशी, दोन खोल्या, आणि घरामागचं पत्र्याचं गॅरेज. गॅरेजात झाकून ठेवलेली पांढरी गाडी.

त्या गॅरेजात काकांचा जीव अडकलेला असायचा. पहिली पाळी संपवून यायचे, दोन घास खायचे, आणि दोनच्या ठोक्याला शटर वर. चारपर्यंत खुडबुड. मग हात धुऊन बाहेर. "मित्राकडे जाऊन येतो," एवढंच म्हणायचे.

सव्वीस वर्षं मावशीनं दुपारची झोप म्हणून घेतली नाही. घेणार कशी? ड्रिल सुरू झालं की भांडी थरथरायची. "लोखंडावर एवढा जीव लावता, त्यातला निम्मा माझ्यावर लावला असता तर!" असं ती म्हणायची. काका हसायचे.

तर तो मंगळवार. मावशी आडवी झाली होती.

आणि आवाज आला...

घर्रर्र.

आधी तिला वाटलं, शेजारी काही काम काढलं असेल. पण मग तो आवाज चिरकला. पाणी पाजलेल्या कडक लोखंडावर ड्रिलचं बिट घसरलं की निघतो तसा, दाताला कळ आणणारा. मग आवाज खाली आला. कुणीतरी ड्रिलचा वेग कमी केला. थोडं तेल सोडलं असावं. बिट धातूत बसलं.

शेजाऱ्यांना ही हातोटी कुठून असणार?

ती उठून बसली. ड्रिल थांबलं.

शांतता.

मग... कर्र. कट्. कर्र. कट्.

मावशीच्या अंगावर सरसरून काटा आला. भोकात बोल्टसाठी आटे पाडण्याचा आवाज होता तो. हातानं फिरवायचा टॅप एक वेढा पुढे, अर्धा मागे. "मागे घेतलं नाही तर टॅप आतच मोडतो, मग बसा रडत," हे काकांनी तिला शंभरदा ऐकवलेलं.

ती धावतच मागे गेली. शटर वर केलं.

आवाज बंद.

आत कुणी नव्हतं. ड्रिलची वायर गुंडाळून खुंटीला लावलेली, पाच महिन्यांपूर्वी तिनंच लावली होती तशी. टेबलावरच्या शिकंज्यात एक हब, म्हणजे चाक ज्यावर बोल्टनं बसवतात तो मधला भाग, आवळलेला होता. तो काका गेले तेव्हापासून तिथेच होता, तिनं हात लावला नव्हता. झिजलेल्या आट्यांची जुनी भोकं, वर धूळ.

फक्त एक भोक चकचकीत होतं. नवे आटे, तेलानं ओले.

खाली लोखंडाचा कीस पडला होता. तापून निळा झालेला. मावशीनं बोट लावलं...

चटका बसला.

दुसरं कुणी असतं तर किंचाळत पळालं असतं. मावशी तिथेच बसली आणि रडली. आनंदानं रडली हो! काका परत आले होते. गाडी दुरुस्त झाली की तुला चालवायला शिकवीन, असं ते दहा वर्षं म्हणत होते. तो शब्द पाळायला आले, असंच तिला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती दोनच्या आधी पदर नीट करून शटरबाहेर खुर्ची टाकून बसायला लागली. शटर उघडायचं नाही, उघडलं की आवाज थांबतो, हे तिला कळलं होतं. बाहेरूनच बोलायची.

"अहो, जेवलात का?"

कर्र. कट्.

"अहो, एकदा तरी बोला की."

कर्र. कट्.

उत्तर नाही. एकदाही नाही. पण मावशी म्हणायची, कामात असले की ते असेच. जिवंतपणी तरी कुठे बोलायचे?

तिनं मला फोन केला. मला वाटलं, एकटेपणानं डोक्यावर परिणाम झाला. मी गेले. खुर्चीशेजारी उभी राहिले. दोन वाजले... आणि माझ्या पायाखालची फरशी ड्रिलनं थरथरली. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. मावशी माझ्याकडे बघून लाजली. नव्या नवरीसारखी.

"बघ," म्हणाली, "माझ्यासाठी आलेत."

मी संध्याकाळचीच घरी परतले. तिथे थांबायची माझी छाती झाली नाही.

दहा दिवसांत तीन भोकं झाली. शेवटचं अर्धं झालं तेव्हा मावशीला धीर धरवेना. तिनं काकांच्या जिवलग मित्राला बोलावलं. गाड्या दुरुस्त करायचा तो. सगळे त्याला पान्या म्हणायचे. पंधरा-सोळा वर्षं तिच्या हातचं जेवलेला माणूस. त्याला आवाजाचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "भावजी, यांनी हब जवळजवळ तयार करून ठेवलाय. तेवढा गाडीला बसवून द्या."

पान्यानं शिकंजा सैल केला. हब हातात घेतला. आणि त्याचा चेहराच उतरला.

"वहिनी... हा आपल्या गाडीचा नाही."

"म्हणजे?"

"आपल्या गाडीला चाकाला पाच बोल्ट लागतात. हा चार बोल्टचा आहे."

"मग कुणाचा?"

पान्या फडक्यानं हबवरचं तेल पुसू लागला.

"भावजी, मी विचारतेय. कुणाचा?"

"एक बाई आहेत. पुलापलीकडे, शिवणकाम करतात. त्यांच्याकडे छोटी लाल गाडी आहे." मग अगदी हळू म्हणाला, "दादा जायचे तिथे. रोज. चारनंतर."

"किती वर्षं?"

"सोळा."

मावशीनं आवाज चढवला नाही. "आणि तुम्हाला माहीत होतं. माझ्या हातचं जेवताना माहीत होतं."

पान्यानं हब टेबलावर ठेवला आणि खालमानेनं निघून गेला.

त्या दुपारी मावशीनं खुर्ची टाकली नाही. आत कानांवर उशी दाबून पडून राहिली. आवाज आलाच. आटे पाडून होईपर्यंत आला. तिच्या घरात, तिच्याच भिंतीपलीकडे, तिचा मेलेला नवरा दुसऱ्या बाईची गाडी दुरुस्त करत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं हब पिशवीत घातला. चार-पाच किलोचं ते धूड घेऊन पूल ओलांडला. विचारत विचारत जिना चढली. साडेतीन झाले असतील.

दार एका साध्याशा बाईनं उघडलं. गळ्यात मापाची टेप, केस पांढरे व्हायला लागलेले. मावशीला तिनं ओळखलं असावं, कारण ती बाजूला सरली. मग पिशवीत डोकावली.

"झाला वाटतं पूर्ण," ती म्हणाली. "हे काल म्हणालेच, शेवटचे आटे पाडून झाले."

हे. मावशीचा शब्द होता तो. लग्नानंतर तिला मिळालेला.

"काल?" मावशी कशीबशी म्हणाली. "माणूस जाऊन पाच महिने झाले."

"माहीतेय मला. लांबून बघितलं मी सगळं, तुमच्या गल्लीच्या टोकाला उभी राहून." बाईनं खुर्ची पुढे केली. "पण गेले दोन आठवडे येतात. चारला."

"दिसतात?"

"दिसतात असं नाही... असतात."

मावशीला विचारायचं नव्हतं. तरी तोंडून निघालंच.

"बोलतात?"

"खूप बोलतात," ती बाई म्हणाली. म्हणताना तिलाच वाईट वाटलं असावं, कारण ती लगेच गप्प झाली.

मावशी हब मांडीवर घेऊन बसून राहिली.

मग जिन्यावर पावलं वाजली.

डावा पाय जरा घासत. काकांच्या गुडघ्यात दुखणं होतं.

एक पायरी... थांबून दुसरी...

दार उघडंच होतं. बाईचा हात आपसूक केसांकडे गेला. ती मावशीच्या डोक्यावरून मागे बघत हसली. ओळखीचं, घरातलं हसू. मावशीनं वळून पाहिलं.

कुणी नव्हतं.

पण तापलेल्या तेलाचा वास आला. तिच्या अगदी जवळून गेला, पदर हलला तेवढ्या जवळून. क्षणभरही थांबला नाही.

आणि तिच्या मांडीवरचं वजन... अलगद उचललं गेलं.

मावशी जिना कशी उतरली, तिला आठवत नाही. मला एवढंच म्हणाली, "मी तिथे बसलेली त्यांना दिसत होते गं. दिसत होते, तरी पुढे गेले."

आठवड्याभरात तिनं सगळं भंगारात काढलं. ड्रिल, टॅप, शिकंजा, गाडीसुद्धा. गॅरेज रिकामं केलं. आवाज थांबला. पान्या दोनदा येऊन गेला, तिनं दार उघडलं नाही.

ही गोष्ट इथे संपायला हवी होती. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. दुपारी फोन वाजला. पलीकडचा आवाज मला बाजूला बसूनही ऐकू येत होता. ती शिवणवाली बाई होती. रडत होती.

"ताई, राग मानू नका. तीन आठवडे झाले, हे इकडे आलेच नाहीत. तुमच्याकडे असतात का?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा शांत होता.

"हो," ती म्हणाली. "इथेच असतात. आता खूप बोलतात."

फोन ठेवला. उठून तिनं मागचं दार उघडलं, रिकाम्या गॅरेजकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळली, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"इथे नाहीत. तिथेही नाहीत. मग आता दुपारचे जातात तरी कुणाकडे गं?"