पाहुण्यांच्या बाकांसमोरचा खड्डा

खड्डा मैदानात, पाहुण्या संघाच्या बाकांसमोर होता. बाजूच्या चुन्याच्या रेषेला अगदी लागून. पाय पोटाशी घेऊन माणूस निजेल एवढा.

नोरीन टॅगर्ट त्याच्या काठाशी गुडघे टेकून बसली. वॉर्नकी विद्यापीठाची ती एकुलती एक सुरक्षा अधिकारी. समोर बाक, बाकांच्या मागं गावाचा धान्यमनोरा. उंच, पांढरा, कधीचा रिकामा. कॅन्ससचा वारा शेतांवरून यायचा, गवताला काहीतरी विचारायचा आणि उत्तराला न थांबता पुढं जायचा.

उद्या अमेरिकन फुटबॉलचा शेवटचा सामना. सेंट ऑडोशी, जुन्या वैऱ्यांशी. परवा मैदान गोदामवाल्यांच्या ताब्यात. आजे खेळले, बाप खेळले, नातू नुसते हरत राहिले. आता हरायचीही सोय उरणार नव्हती.

नोरीननं विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांना, ऑर्विल लिंडक्विस्टना, फोन लावला.

“सर, मैदानात कुणीतरी खणलंय.”

“उद्यावर सामना आणि गोलरेषा उकरून ठेवतात! लॅसिटरच असणार. पोलिसांना बोलव.”

“आधी मी बघते, सर.”

“बघायचंय काय? सगळ्यांदेखत ओरडला होता तो.”

ओरडला होता खरा. संघ बंद करायचा ठराव झाला, तेव्हा कीऑन लॅसिटर भर सभेत उठून म्हणाला होता, “विकण्याआधी हे मैदान मीच खणून टाकीन!” लांबट चेंडू छातीशी धरून धावावं ते त्यानंच. मिसूरीतलं एक कॉलेज त्याला खेळाच्या शिष्यवृत्तीवर घ्यायला तयार होतं. पोराची वागणूक चांगली आहे, एवढा शब्द तिथल्या कोचला अध्यक्षांकडून आज हवा होता. शब्द नाही तर जागा नाही. जागा नाही तर विचिटा शहरात टायरच्या दुकानातली नोकरी आणि अर्ध्यावर सुटलेलं शिक्षण.

नोरीननं कापलेलं गवत पाहिलं. गोधडीची घडी घालावी तसं ते मुळांसकट गुंडाळून बाजूला ठेवलं होतं. माती चाळल्यासारखी, ढेकळं हातानं फोडलेली.

कीऑन अवजारांच्या खोलीत होता. रेषा आखायचं काम त्याचंच, किल्लीही त्याच्याकडेच.

“काल रात्री कुठं होतास?”

“वसतिगृहात. घोरत होतो. साक्षीदार हवा तर शेजारच्याला विचारा, बिचारा झोपला नाही.”

“चेष्टा पुरे, कीऑन.”

“मग काय रडू, मॅम?”

“सभेत असं का बोललास?”

“उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण खणायचंच असतं, तर मधोमध खणलं असतं. गावानं बघावं म्हणून. पाहुण्यांच्या पायाशी कशाला?”

“सेंट ऑडोची पोरं असतील?”

“ती पेट्रोल ओतून गवतावर आपलं नाव जाळतात. एवढं नाजूक काम त्यांच्या बापाला जमायचं नाही.”

खोलीतलं एकुलतं फावडं नोरीननं उचललं. पात्यावर टोकापर्यंत चुना वाळलेला. त्याला माती शिवलीच नव्हती.

मग ती जुन्या इमारतीत गेली. तिथल्या भिंतीवर संघाची सगळी हयात टांगलेली. लोकरी सदऱ्यातले शेतकऱ्यांचे लेक. युद्धावरून परतलेले, आणि न परतलेल्यांच्या मोकळ्या जागा. रंगीत फोटो सुरू झाले, तशी माणसं कमी झाली. एका फोटोपुढे ती थबकली. गोलच्या खांबांमध्ये दोन भाऊ, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून; खाली लिहिलेलं, ‘लिंडक्विस्ट बंधू’. डोळ्यांत सूर्य, म्हणून कपाळाला आठ्या. खांबांच्या बरोबर मागं धान्यमनोरा.

मग तिनं कीऑनला बरोबर घेतलं आणि थेट अध्यक्षांचं दार वाजवलं.

“पोलीस आले?” लिंडक्विस्टनी विचारलं.

“नाही, सर. सकाळी तुम्ही म्हणालात, गोलरेषा उकरली. मी फक्त ‘मैदानात’ म्हणाले होते.”

“मग? मैदानात गोलरेषाच असते.”

“खड्डा पाहुण्यांच्या बाकांसमोर आहे. आजच्या गोलरेषा तिथून कितीतरी लांब, पार उत्तर-दक्षिण टोकांना. पण फोटोत खांबांमागं मनोरा आहे, आणि आज तोच मनोरा बाकांमागं. मनोरा काही चालत गेला नाही. तुमच्या वेळी मैदान पूर्व-पश्चिम होतं. सूर्य डोळ्यांत जातो म्हणून पुढं ते फिरवलं, थोडं सरकवलं. खड्डा पडलाय तो जुन्या गोलरेषेवर.”

म्हाताऱ्यानं टेबलावरचे कागद सरळ केले.

“या पोराच्या बापाचाही जन्म व्हायचा होता तेव्हा. त्या जागेला अजून गोलरेषा म्हणेल तो तिथं खेळलेला माणूसच. खणणाऱ्याला राग नव्हता, सर; रागानं कुणी गवताची घडी घालत नाही. फावडं इथलं नव्हतं. आणि माती चाळली होती. काय शोधत होतात?”

लिंडक्विस्टनी हात टेबलाखाली नेले. नखांत काळी माती होती.

“कार्ल,” ते म्हणाले. “थोरला भाऊ. मनोऱ्यात काम करताना धान्यात बुडाला. त्या गोलरेषेपार चेंडू नेऊन त्यानं सेंट ऑडोवर टचडाउन केला होता. आम्ही राख तिथंच पुरली. कोच आणि मी. जुन्या संघाची रीतच होती ती.”

“मग राख उघडपणे मागून घ्यायची होती, सर.”

“कुणाकडे? मैदान विकणारा मी. त्याच मैदानापुढं कोणत्या तोंडानं हात पसरू?”

“म्हणून माझ्यावर ढकललंत?” कीऑन म्हणाला. “करून सवरून नामानिराळे!”

नोरीननं विचारलं, “सापडली राख?”

“नाही. मैदान फिरवताना यंत्रांनी वरची माती खरवडून नेली असणार. कुठं टाकली, कोण सांगणार आता.”

“मिसूरीला फोन करा,” नोरीन म्हणाली. “आत्ता. आमच्यासमोर.”

“सकाळीच केला होता.” त्यांचा आवाज खाली गेला. “तुझा फोन ठेवला आणि लगेच. पोरगा घेण्यासारखा नाही म्हणालो.”

“तरी करा.”

त्यांनी केला. चूक माझी, म्हणाले. खड्डा मी खणला, म्हणाले. मग ऐकत राहिले. मान हलत राहिली. फोन ठेवला.

“जागा दिली त्यांनी. दुसऱ्या पोराला.”

खिडकीबाहेर वारा गवतावरून गेला. कीऑननं टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली.

“फावडं कुठाय तुमचं?”

“गाडीत. कशाला?”

“खड्डा बुजवायला. रेषेबाहेर कुणी ढकललं गेलं, तर पाय मोडेल.”

“अरे, उद्यानंतर तिथं धावणार कोण आहे?”

“उद्या मी धावणार आहे,” कीऑन म्हणाला.