नावानं हाक

नर्मदाबाई बोईसरहून सकाळी सातच्या रिक्षाने नवऱ्याला घेऊन पालघरला निघाल्या. सोबत डबा नव्हता. डॉक्टरांनी उपाशीपोटी आणायला सांगितलं होतं. तसंही चंद्रभान दोन महिने धड जेवलेच नव्हते. वाशिमहून येऊन वीस वर्षं कारखान्यात बॉयलर सांभाळणारा माणूस एक दिवस खाटेवर बसला तो बसलाच. बोलणं बंद. घास तोंडात ठेवला तर तो तसाच राहायचा.

"भूल देऊन काही सेकंद वीज देतो," डॉक्टर म्हणाले. "मेंदूला फिट येते. सेरोटोनिन, डोपामिन अशा रसायनांचं मंदावलेलं काम त्यानं पुन्हा हलतं."

"म्हणजे आत नेमकं काय होतं?"

"खरं सांगू? ते पुरतं कुणालाच ठाऊक नाही. पण माणूस उठतो. जागं होताना गोंधळतात, तेव्हा नावानं हाक मारा."

नर्मदाबाईंनी पदर सावरला. चोवीस वर्षांत नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं.

"मी अहो म्हणीन."

केळव्याच्या कोळीवाड्यातली नर्स दीपा खुदकन हसली. "काकी, या दवाखान्यात अहो किती होऊन गेलेत! कुठचा उठंल?"

उपचाराच्या खोलीतून चंद्रभानना बाहेर आणून खिडकीजवळच्या खाटेवर निजवलं. स्पिरिटचा वास आणि ट्यूबलाइटची बारीक गुणगुण, बाकी सगळं शांत. नर्मदाबाई कानाशी वाकल्या. "अहो..."

"ओ," ते म्हणाले. आणि त्यांनी चहा मागितला. त्या कपभर चहासाठी नर्मदाबाई ढसाढसा रडल्या.

तिसऱ्या खेपेला त्यांनी डोळे उघडले आणि प्रेमानं विचारलं, "पारू, बोंबील वाळत घातलंस का गं?"

जन्मभर गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस! दीपा म्हणाली, "काकी, तुमचे मिस्टर आमच्यातले झाले की!" मग तिनं खाटेकडे ओळखीचं माणूस दिसावं तसं पाहिलं आणि तिचं हसू विरलं.

"पारू कोण?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"असंल कुनी... गोंधळतात अशी."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. विसर पडतो, हळूहळू आठवतं. आणि खोटं कसं म्हणावं? चंद्रभान जेवू लागले होते, चालू लागले होते. फक्त घरी मोरी कुठे ते त्यांना ठाऊक नव्हतं. मुलीला, मोनालीला, ते पाहुण्याच्या पोरीसारखं "बस, बस" म्हणत. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून ओसरीवर बसत, आणि भरती कधी लागेल ते बिनचूक सांगत. नर्मदाबाई त्यांना ताट वाढत आणि दुरूनच बघत राहत. हात तेच. कपाळावरचा बॉयलरचा डाग तोच.

सहाव्या खेपेला, शेवटच्या, त्यांनी मनाचा हिय्या केला. सकाळचे दहा वाजले होते. त्या दिवशी पेशंट एकच होता. डॉक्टर खाली गेले होते, आणि उपचाराच्या रिकाम्या खोलीचं दार लोटलेलं होतं. खाटेवरच्या पापण्या हलल्या तशी नर्मदाबाईंनी त्यांचा हात धरला.

"चंद्रभान," त्या म्हणाल्या. "चंद्रभान... उठा."

"हाव वं... आलो."

चोवीस वर्षं स्वयंपाकघरातून मारलेल्या प्रत्येक हाकेला आलेलं तेच उत्तर, तोच वऱ्हाडी हेल. पण खाटेवरचे ओठ हलले नव्हते. आवाज लोटलेल्या दाराआडून आला होता.

"दार उघड ना वं... दिसून नाही राहिलं मले काही..."

नर्मदाबाई उठायला गेल्या. खाटेवरच्या माणसानं त्यांचं मनगट धरलं. मारायला नव्हे, जत्रेत पोर हरवू नये म्हणून धरतात तसं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नको हाक मारू त्याला," तो पुटपुटला. "मी जेवतंय ना? मी बोलतंय ना तुज्याशी? मंग... मना हितंच र्‍हाऊ दे."

दाराआड पावलं वाजली. चाचपडत, भिंतीला हात लावत, जवळ येणारी.

दीपा टेबलामागून उठली. कुणाकडेही न बघता दारापाशी गेली, आणि रोजचंच काम असावं तशी तिनं बाहेरून कडी घातली.