माणिक लाभलं का?

तो माणिक घ्यायला निघाला होता हे खरं, पण आमच्याकडे नाही, परभणीला. जिंतूरच्या सराफ्यात, अगदी आमच्या दुकानासमोर, त्याच्या मोटारसायकलचं मागचं चाक बसलं. पंक्चरवाला जेवायला गेलेला. वरून श्रावणातली भुरभुर... मग करतो काय बिचारा? चढला आमच्या पायऱ्या.

दुकानात सोनं-चांदी अण्णा बघतात. अण्णासाहेब म्हणजे माझे वडील. खड्यांचं काउंटर माझं. जयपूरला राहून मी खडे पारखायला शिकून आले, तेव्हापासून अण्णांनी तो कोपरा माझ्या नावावर केलाय. माझी जीभ जरा तिखट आहे, गिऱ्हाईक पळेल अशी त्यांना भीती होती. पण गिऱ्हाईक काही पळालं नाही.

त्यानं ओले केस मागे सारले आणि काचेवर वाकून तबकाकडं पाहिलं.

"हे सगळे माणिकच का?"

"लाल दिसलं म्हणजे माणिक नसतं," मी म्हटलं, "आणि हसून बोललं म्हणजे माणूस सज्जन नसतो."

"मी अजून हसलो कुठं?" म्हणाला, आणि हसला.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, दिवे गेले, अण्णांनी सवयीनं कपाळावर हात मारून घेतला.

"मी येलदरीला पॉवर हाउसमध्ये आहे," तो जरा ओशाळून म्हणाला. "ज्युनिअर इंजिनिअर. मुकुल."

"मग तुमच्यामुळंच गेली की!"

"मी तर इथं उभाय..."

"तेच म्हणायलेय मी. ड्यूटीवर असता तर गेली नसती!"

मी तबक उचललं आणि दाराशी आले. खरं तर खड्यांना दिवसाचाच उजेड बरा. दिव्याखाली सगळेच लाल गोरेगोमटे दिसतात. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. पावसाचा आणि साबणाचा वास आला... मी चिमटा घट्ट धरला.

"हा तामडा," मी पहिला खडा उचलला. "डाळिंबाचा दाणाच जसा. गडद, स्वस्त, गुणाचा. लोक याला माणिक समजून फसतात, यात त्या गरिबाचा काय दोष?"

"आणि हा?"

"ही लालडी. हिचा रंग असा चोख, की भल्याभल्या राजांच्या मुकुटांतली माणकं पुढं तपासली तर लालड्या निघाल्या. हे पोवळं, हा दगडच नव्हे, समुद्रातल्या जिवानं बांधलेलं घर. घाम, अत्तर, लिंबू, काहीच सोसत नाही त्याला. लाडाचं लेकरू! आणि हा विटकरी अकीक. आमच्याकडचे जुने मुसलमान गिऱ्हाईक चांदीत बसवून घेतात. तेच लोक माणकाला याकूत म्हणतात."

"तुमी इतकं भराभरा बोलायलात, मला सगळं लालच दिसायलंय."

मग मी शेवटचा खडा धरला आणि त्याच्या हातात माझी छोटी नळी दिली. "डोळ्याला लावा. आत दोन खिडक्या दिसतील. रंग सांगा."

त्यानं एक डोळा मिटला. पापण्या केवढ्या लांब होत्या त्याच्या!

"एकीत... जांभळट लाल. दुसरीत जरा केशरी."

"तामडा नाहीतर लालडी घ्या, दोन्ही खिडक्यांत एकच रंग दिसेल. माणकात दोन दिसतात. हे माणिक."

त्यानं नळी खाली घेतली, पण डोळे काही खड्याकडे गेले नाहीत. "काही माणसंपण अशीच असतील, नाही? बोलायला तिखट... आणि दुसऱ्या खिडकीत..."

"पंक्चरवाला आलाय," मी म्हटलं. माझे कान तापले होते.

त्यानं तेच माणिक मागितलं. आईनं सांगितलं होतं म्हणे. माणिक लाभलं की एका कामाला जायचं होतं. कुठल्या, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आमच्याकडं माणिक असं एकदम विकत नाहीत. लाल फडक्यात गुंडाळून गिऱ्हाइकाला द्यायचं, त्यानं तीन रात्री उशाशी घेऊन झोपायचं. स्वप्न चांगलं पडलं तर खडा लाभला, अंगठीत बसवायचा. वाईट पडलं तर परत. जयपूरच्या शिक्षणात हा धडा नव्हता, पण जिंतुरात खडे विकायचे तर पाळावा लागतो.

तो माणिक परत घेऊन आला.

"लाभलं का?"

"न्हाई हो. स्वप्नात म्हैस मागं लागली."

"म्हैस वाईट," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "दुसरं दे गं."

दुसरं दिलं. त्यालाही तसंच काहीतरी दिसलं. दात पडले म्हणाला. मग अण्णांनीच सुचवलं की माणिक पचत नसेल तर त्याऐवजी लालडी चालते. लालडी गेली आणि आली. कुणीतरी अंगाला तेल चोपडत होतं म्हणे. दर वेळी तो काउंटरला टेकून उभा राहायचा आणि मला काहीबाही विचारायचा. माणकात हे बारीक रेशमासारखे तंतू कशानं? काच कशी ओळखायची? मी सांगायची. काचेत बुडबुडे असतात, आणि ती हातात लगेच गरम होते; खरा खडा बराच वेळ गारच राहतो. मग तो मूठ मिटून खडा धरून बसायचा, आणि अण्णा आत गेले की हळूच म्हणायचा, "अजून गारच आहे. थांबू का जरा?"

"इतकी वंगाळ स्वप्नं पडणारा माणूस मी तरी पाहिला नाही," मी एकदा म्हटलं. "रात्री काय जेवता?"

"मेसचं."

"मग खड्याला कशाला बोल लावायलात?"

तो इतका मोठ्यानं हसला की समोरच्या भांड्यांच्या दुकानातली बाई डोकावून गेली.

मला तो आवडायला लागला होता. आडून कशाला सांगू? रस्त्यावर मोटारसायकल थांबली की माझा हात आधी वेणीकडं जायचा.

आणि मग एका दुपारी नर्मदाबाई आल्या. नेटकी नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी आधी मूठभर ओल्या शेंगा काढून काचेवर ठेवल्या.

"खा. रानातल्या हायत. मी मुकुलची माय, राणीसावरगावहून आलेय. तूच का ती खडे देणारी पोरगी?"

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. "हो मावशी."

"मंग माझं एवढं काम कर बाई. लय चोख खडा दे. पोराला एकबी लाभंना झालाय. जोशीबुवांनी सांगितलंय, माणिक हातात आल्याबिगर पोरगी बघायला जायचं न्हाई. गंगाखेडची पोरगी हाय, शाळेवर मास्तरीण. तिकडची माणसं किती दीस वाट बघतील?"

शेंगेचं टरफल माझ्या नखात तसंच राहिलं.

म्हणजे हे ते काम. खडा लाभला की तो गंगाखेडला जाणार, पोहे खाणार, होकार देणार. आणि हा खडा मी शोधून द्यायचा. मी!

माझ्या खणात काच भरलेलं एक माणिक होतं. दिसायला देखणं, आतून भेगाळलेलं. शिकायला म्हणून ठेवलं होतं. मनात आलं, हे दिलं तर? खोट असलेला खडा लाभायचा नाही, परतच येईल... हात खणापर्यंत गेलाही. पण नर्मदाबाई माझ्याकडं अशा विश्वासानं बघत होत्या, की माझीच मला लाज वाटली. मी माझं सगळ्यात आवडतं माणिक काढलं. छोटं होतं, पण दिवसाच्या उजेडात आतून पेटल्यासारखं दिसायचं. लाल फडक्यात बांधलं आणि त्यांच्या ओंजळीत ठेवलं.

"यापेक्षा चांगलं माझ्याकडं नाही, मावशी."

त्या गेल्यावर मी भिंग डोळ्याला लावून कितीतरी वेळ बसले. अण्णांना वाटलं, पोर काम करतेय. भिंगाच्या आड रडता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. लाभू दे, असं म्हणवेना. लाभू नये, असंही म्हणवेना.

रविवारी मायलेक दोघं आले. नर्मदाबाई पुढं, मुकुल मागं. त्याचे डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. नर्मदाबाईंनी लाल पुडी काचेवर ठेवली.

"ह्येबी परत घे, पोरी. लय वंगाळ सपान. सपनात त्याला लगीन दिसलं."

अण्णांनी तराजू खाली ठेवला. "अरे बापरे."

शहरगावच्या वाचकाला सांगायला हवं: आमच्याकडं स्वप्नात मढं दिसलं तर चांगलं, आयुष्य वाढतं. लग्न दिसलं की मात्र अपशकुन. हे पोराटोराला ठाऊक असतं. मुकुलला मात्र ऐन वेळी आठवलं नसावं, कारण आईच्या मागं उभा राहून तो माझ्याकडं अगदी बुडालेल्या चेहऱ्यानं बघत होता.

"कोणाशी दिसलं?" मी विचारलं.

"म्या इचारलं न्हाई. सपनातल्या नवरीला काय नाव असतंय व्हय?"

"असतंय," मुकुल म्हणाला.

नर्मदाबाई वळल्या.

"आई... कावेरीशी दिसलं." त्यानं माझं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. "हिच्याशी."

नर्मदाबाईंनी पदर तोंडावर धरला. "मंग तर अजून वंगाळ! दुसऱ्याच्या लेकीवरबी बालंट—"

मी त्याच्याकडं नीट पाहिलं. तांबारलेले डोळे, काळवंडलेल्या कडा. खड्याला चीर आहे की रेशीम, ते मला कळतं. हे का कळू नये?

"मुकुल, तुमी झोपला होता का?"

"...न्हाई."

"तिन्ही रात्री?"

"न्हाई. कशी झोप येणार? खडा लाभला म्हणावं तर गंगाखेडला जावं लागणार. न्हाई म्हणावं, तर तुमी दिलेला खडा... सगळ्यात चांगला दिलाय म्हणून आई सांगायलेली. तो खोटा कसा ठरवू?" त्यानं आईचा हात धरला. "म्हैसबी न्हाई दिसली आई, दातबी न्हाई पडले. जागाच होतो. हिच्याशी लगीन व्हावं असं डोळे उघडे ठेवून वाटायलंय मला. तेच तुला सपान म्हणून सांगितलं."

"जागा व्हतास?"

"हो."

"मंग ते सपान कशाचं!" नर्मदाबाई सावकाश म्हणाल्या. "जागेपणी दिसलं त्याला अपशकुन न्हाई लागत."

मग त्या माझ्याकडं वळल्या. मी मान खाली घातली, तर त्यांनी हनुवटीला हात लावून वर केली.

"त्याचं ऐकलं. तुझं काय हाय? तुला ठावं व्हतं, खडा लाभला की तो दुसरीकडं जाणार. तरी चांगलाच दिलास?"

"हो."

"का गं?"

"तुमी चांगला मागितला होता, मावशी." डोळ्यांत पाणी आलं, पण एवढ्यावर थांबणारी मी नव्हते. "आणि मला मुकुल आवडतात. लय आवडतात. अण्णा, तुमीपण ऐका."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आमी शेतीवाले, तुमी सराफ," नर्मदाबाई त्यांना म्हणाल्या. "जात येगळी. लोक बोलतील."

"लोक तर रोज सोन्याच्या भावावरबी बोलायलेत," अण्णा म्हणाले. "त्यानं भाव उतरलाय का कधी?"

नर्मदाबाईंनी पिशवीतून फोन काढून मुकुलच्या हातात दिला. "गंगाखेडवाल्यांचा नंबर लाव. मीच बोलते. ती पोरगी उगा नटून बसायला नको." आणि दाराकडं जाता जाता म्हणाल्या, "पोरी, त्या खड्याची अंगठी कर."

अण्णांनी बोटाच्या मापाच्या कड्यांचा जुडगा माझ्यापुढं सरकवला आणि पाठ फिरवून कपाटात काहीतरी शोधायला लागले. कपाटात शोधण्यासारखं काहीच नव्हतं.

मुकुलनं हात काचेवर ठेवला. माप घ्यायचं तर हात हातात घ्यावाच लागतो. आजवर किती हात घेतले असतील मी, कधी काही वाटलं नाही. एक कडी घातली, सैल झाली. दुसरी घातली, सांध्याशी अडली.

"किती माप?" अण्णांनी पाठमोरं विचारलं.

"थांबा ना अण्णा," मी म्हटलं. "नीट घेऊ द्या. आयुष्यभर घालायचीय त्यांना."