नातं : इतर

नव्व्याण्णव रुपये.

उसाचं पान. कडेनं करवतीसारखं... नुसतं घासून गेलं तरी हातावर लाल रेघ उठते.

दिल्लीतलं धुकं.

लक्ष्मीपुरीत एका जिन्याखाली शेजारी शेजारी दोन दारं. डावीकडं झेरॉक्स, उजवीकडं ‘गणपतराव टूर्स’.

गडमुडशिंगीतलं दीड एकर शेत. बांधापलीकडं विमानतळाचं कुंपण. त्या शेतातल्या कुणीही कधी विमानात पाय ठेवलेला नाही.

उचगावची एक मुलगी. विमानाचे सगळे नियम तिला तोंडपाठ. पाय तिनंही ठेवलेला नाही.

साडेसातशे रुपये.

बारा डिसेंबर, दोन हजार सहा

उजवीकडचं दार ढकलून एक उंच पोरगा आत आला आणि दारातच थबकला. हातात घडी घातलेला कागद. संघप्रियानं कॉम्प्युटरवरून मान वर केली. सकाळपासून एक गिऱ्हाईक आलं नव्हतं, आणि स्वस्त तिकिटांच्या सेलचा तो शेवटचा दिवस होता.

“या पावणं, बसा. कुठं जायचं?”

“न्हाय, मी ते...”

“लाजताय काय? आता काय नुसतं मंत्रीच बसत्यात व्हय विमानात? कुठं जायचं, सांगा.”

“दिल्लीला. पण मी—”

“दिल्ली! नव्व्याण्णव रुपये.”

पोरगा बसला. “किती?”

“नव्व्याण्णव. पुण्यावरनं. कर वेगळा. पण आधी ऐका.” तिनं एका दमात सुरू केलं. “खायला काय मिळत न्हाय, पाणी इकत घ्यायचं, पंधरा किलोवर सामान न्हाय, रद्द केलं तर रुपाया परत न्हाय, आणि तारीख बदलली की दरवेळी साडेसातशे.”

“नव्व्याण्णवच्या तिकिटाला साडेसातशे?”

“व्हय. बसणं स्वस्त हाय. मन बदलणं महाग.”

तो हसला. हसताना मान एका बाजूला कलायची, जसं काही कुणी कानात सांगतंय... संघप्रियानं पटकन कीबोर्डकडं पाहिलं.

त्याचं नाव प्रसेनजीत. दिल्लीच्या एका सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून नेमणूक झाली होती. एकतीस जानेवारीच्या आत हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. तिनं आठ जानेवारीचं तिकीट काढलं आणि खणातून दुसरा फॉर्म सरकवला.

“प्रवासी विमा. एकशे एकोणतीस. विमान रद्द झालं, सामान हरवलं, सगळं येतंय ह्यात. बरंवाईट झालं तर नॉमिनीला पाच लाख.”

“आमची आज्जी हाणंल मला. निघायच्या आधीच मराणाचं बोलायचं?”

“आज्जी बसणार हाय विमानात?”

“न्हाय.”

“मग?”

“पण घरात तिच्यासंगं मलाच बसायचंय की!”

फॉर्म परत खणात गेला. तोही गेला, हातातला कागद जसा आणला होता तसाच घेऊन.

बदल पहिला

पाच जानेवारी. कारण : ऊस.

“ऊसतोडीची टोळीच आली न्हाय ओ. कारखाना म्हणतोय आज येतील, उद्या येतील. आबांचा पाय प्लास्टरात. उभा ऊस टाकून कसा जाऊ?”

कुठल्याही विमान कंपनीच्या नियमात हे कारण नसतं. पण उचगावच्या पोरीला ते समजावून सांगावं लागत नाही. तिच्या चुलत्यानं मागच्या वर्षी तोडणीसाठी साखरपुडा पुढं ढकलला होता, तोही स्वतःचा.

“सतरा करू?”

“करा.”

“आणि विमा?”

“आज्जी...”

“आज्जींना माझा जय भीम सांगा. म्हणावं, आमची पोरगी वंगाळ बोलत न्हाय, नियम सांगती.”

“आमची पोरगी?”

“म्हंजे... आमच्या ऑफिसातली.”

“मी कुठं काय म्हणलं?” तो म्हणाला. मान एका बाजूला कललेली.

बदल दुसरा

सोळा जानेवारी. कारण : ऊस, पण अर्धा.

टोळी आली होती, दोन माणसं कमी. मग प्रसेनजीतनं स्वतःच कोयता उचलला. कोपरापर्यंत दोन्ही हातांवर लाल रेघांचं जाळं. संघप्रियानं काही न विचारता खणातून मलमाची ट्यूब काढली आणि टेबलावर ठेवली.

त्याला टोपण फिरवता येईना. बोटं मिटतच नव्हती.

तिनं टोपण काढलं. त्याच्या तळहातावर वाटाण्याएवढं मलम ठेवलं. मग आणखी एक वाटाणा. मग... कशाला ते ठाऊक नाही, आणखी एक.

“बास की,” तो हळूच म्हणाला.

“पुरंल?”

“न्हाय. पण बास.”

पेपरामागून मालक गणपतरावांचा खोकला आला. “इथं तिकिटं मिळत्यात. दवाखाना पलीकडच्या गल्लीत.”

नवी तारीख एकोणतीस. ती पक्की झाल्यावरही प्रसेनजीत दोनदा येऊन गेला. “तिकीट जाग्यावर हाय न्हवं?” एवढंच विचारायला. तिकीट कॉम्प्युटरात होतं. ते कुठं जाणार?

बदल तिसरा (झाला नाही)

सत्तावीस जानेवारी.

“तीस करा.”

“का?”

“ऊस... जरा राहिलाय.”

“हात दाखवा.”

“आं?”

“हात.”

त्यानं हात पुढं केले. तिनं मनगट धरून खिडकीच्या उजेडात फिरवले. रेघा सुकून तपकिरी झालेल्या. नवी एकही नव्हती.

“शेतात काय हाय आता?”

“...पाचट.”

“तोडून उरलेलं वाळकं पाचट अडवतंय तुम्हाला?”

त्यानं हात काढून घेतला नाही. तिनंही सोडला नाही. रस्त्यावर रिक्षावाला कुणाला तरी ओरडत होता, आणि आत इतकं शांत होतं की गणपतरावांनी पेपराचं पान उलटायचं टाळलं.

“फॉर्मात कारण लिहावं लागतंय काय?” त्यानं विचारलं.

“न्हाय.”

“मग न्हाय सांगत.”

तिचं बोट एका बटणावर आलं. दाबलं की एक दिवस आणखी. एक दिवस म्हणजे कदाचित अजून एक फेरी, अजून एकदा ते दार... पण आठवडाभर दिल्लीची विमानं धुक्यात अडकत होती. तीसचं अडकलं तर एकतीस गेली. एकतीस गेली तर नोकरी गेली, आणि त्याच्या वडलांनी, आबांनी, गवंड्याची थापी सोडून कोयता, कोयता सोडून पुन्हा थापी धरत ह्याला शिकवलं होतं ते सगळं गेलं.

तिनं बोट उचललं.

“बदलणार न्हाय. परवाच जायचं.”

“जाऊ?”

“जावा.” तिनं खण ओढला. “साडेसातशे वाचले तुमचे. त्यातनं आता तरी विमा काढा.”

त्यानं खुर्ची पुढं ओढली. “द्या फॉर्म.”

फॉर्म भरून त्यानं तो पालथा ठेवला आणि दारात जाऊन पाठमोरा उभा राहिला. संघप्रिया टाइप करू लागली. नाव. वय. पत्ता. नॉमिनीचं नाव—

संघप्रिया.

नातं— मोकळी जागा.

तिनं वर पाहिलं. पाठमोऱ्या प्रसेनजीतचे कान लाल झाले होते.

कॉम्प्युटरला मोकळी जागा चालत नाही. त्यानं यादी उघडली : आई, वडील, भाऊ, बहीण, पत्नी, इतर. तिचा बाण यादीवरून खाली गेला, वर आला, एका ओळीवर थांबला... घाबरून पुढं सरकला.

इतर.

छापलेला कागद तिनं दोन घड्या घालून त्याच्या हातात दिला. “इथं उघडायचा न्हाय. गाडीत वाचा.”

रद्द

एकोणतीस जानेवारी, सकाळी नऊ. ऑफिसातला फोन वाजला.

“विमान रद्द झालं. धुकं. म्हणत्यात, नव्व्याण्णव परत घ्या, न्हायतर दोन फेब्रुवारीला बसा.” त्याच्या मागं माणसं भांडत होती. “मी काय करू?”

“तू हलू नको तिथनं.”

‘तू’ तारेवरून पुण्याला पोहोचला होता, आता त्याची तारीख बदलता येणार नव्हती.

तिनं विम्याच्या अटींवरून बोट फिरवलं. हवामानामुळं विमान रद्द झाल्यास दुसऱ्या तिकिटाचा खर्च, पाच हजारांपर्यंत. दुसऱ्या कंपनीचं तीसच्या संध्याकाळचं तिकीट चार हजार सहाशे. तिनं ते ऑफिसच्या पैशानं काढलंसुद्धा.

“हे कुणाच्या जिवावर?” गणपतराव ओरडले.

“विम्याच्या.”

“आणि त्यांनी न्हाय दिलं तर?”

“माझा पगार कापा. अट क्रमांक चार वाचा आधी.”

एकतीसला दुपारी मोबाइलवर मेसेज आला : हजर झालो.

तिनं पाच उत्तरं लिहिली, पाचही पुसली. सहावं पाठवलं : क्लेम तीस दिवसांत. सगळे कागद घेऊन स्वतः यावं लागेल.

क्लेम

सत्तावीस फेब्रुवारी. मुदतीला एक दिवस बाकी. दार उघडलं.

“या पावणं,” संघप्रिया म्हणाली. हे वाक्य तिनं सकाळपासून घोकलं होतं.

“‘तू’ म्हणली होतीस, ते परत घेतलंस व्हय?”

“रद्द केलं तर परत मिळत न्हाय आमच्यात काय.” तिनं ओठ दाबले. “विमानानं आलास?”

“रेल्वेनं. तारीख बदलायची ऐपत न्हाय माझी.”

त्यानं कागद मांडले. तिकीट, रद्द झाल्याचा दाखला, पॉलिसी. पॉलिसीच्या घड्या कापडासारख्या मऊ पडल्या होत्या.

“किती वेळा उघडलीस ही?”

“तीस तास विमानतळावर दुसरं वाचायला काय न्हवतं.” त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. “इतर. इतर म्हंजे कोण गं? बँक मॅनेजर? का शेजारीण?”

“तू तरी कुठं लिहिलंस? जागा सोडलीस मोकळी.”

“मला वाटलं, नियम तुला पाठ हाईत. तू बरोबर भरशील.” तो पुढं झुकला. “यादीत काय काय होतं?”

“आई. वडील. भाऊ. बहीण...”

“आणि?”

ती प्रिंटरकडं बघून पुटपुटली, “पत्नी.”

“मग ते बदलायला किती पडतील? साडेसातशे?”

“न्हाय.” तिनं वर पाहिलं, आणि महिनाभर अडवून धरलेलं हसू सगळं एकदम सुटलं. “ते फुकट हाय.”

“मग कर की!”

“आणि तुझी आज्जी? मला हाणंल न्हवं ती?”

“तूच विचार. भायेर रिक्षात बसलीय.”

बायडाबाई काठी टेकत आतच आल्या. डोक्यावर पांढरा पदर, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. संघप्रियाला त्यांनी पायापासून केसापर्यंत पाहून घेतलं.

“मराणाचं बोलती ती हीच व्हय?”

“हीच,” प्रसेनजीत म्हणाला. “हिनंच पोचवलं मला दिल्लीला.”

“आस्सं.” म्हातारी खुर्चीत बसली आणि कनवटीची पिशवी सोडू लागली. “मग पोरी, माझा बी काढ इमा. नातसून दिल्लीला नांदाय जाणार म्हणल्यावर मला बी विमानात बसाय लागंल.”

गणपतरावांनी पेपर खाली ठेवला. क्लेमचा फॉर्म उचलून पाहिला. “आरं, एवढ्यासाठी दिल्लीसनं आलास? हे पोस्टानं चालतंय की!”

प्रसेनजीत सावकाश वळला. “स्वतः यावं लागतंय म्हणलीस.”

“म्हणलं होतं,” संघप्रिया म्हणाली. “अट क्रमांक सात. ती फक्त माझ्याकडं हाय.”

तिनं कॉम्प्युटरवर यादी उघडली. बाण एका ओळीवर नेला. ह्या वेळी तो पुढं सरकला नाही.

बारा डिसेंबरला प्रसेनजीत नेमणूकपत्राची झेरॉक्स काढायला आला होता आणि चुकून उजवीकडच्या दारात शिरला होता.